दार लावून ऐकलेलं गाणं

आमच्या ह्यांना धंद्यातले लोक कानसेन म्हणतात. गाता येत नाही, एक वाद्य धड वाजवता येत नाही, पण ऐकण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून. आमचं लग्न ठरलं तेव्हा मावशीने विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" बाबा म्हणाले, "दुसऱ्यांची गाणी ऐकतो आणि त्यातल्या चुका काढतो." मावशी म्हणाली, "मग संसाराला तयारच आहे की."

रेकॉर्डचा प्रोड्युसर म्हणजे नक्की कोण, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली. आधी वाटायचं, पैसे घालणारा. आमच्याकडे घालायला पैसे कुठले? मग हळूहळू समजलं. गाणं बँडचं असतं, पण ते कसं वाजवायचं, त्यातलं काय ठेवायचं, काय काढून टाकायचं, शेवटी कुठला आवाज पुढे आणायचा आणि कुठला मागे ढकलायचा, हे ठरवणारा एक बाहेरचा माणूस लागतो. घरचे लोक आपल्याच पोराला वाईट कसं म्हणणार? ते म्हणायचं काम आमच्या ह्यांचं. आणि ते काम हे फार मनापासून करतात, घरातसुद्धा.

सुरुवात सभांना लाउडस्पीकर लावण्यापासून झाली. मग नाटकांचे आवाज, मग जाहिराती, मग कोणाच्या तरी स्टुडिओत नोकरी, आणि शेवटी घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, त्यावर मी जाड पडदे शिवून दिले. ही खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार आहे. जाडजूड, कडेने रबराची पट्टी मारलेलं. एकदा लागलं की आत हत्ती नाचला तरी बाहेर फक्त त्याची पावलं ऐकू यावीत.

आमच्याकडच्या कामाची सगळी ख्याती या दारावर उभी होती. गाणं तयार झालं की हे आतून ओरडायचे, "ऐक गं!" आणि दार लावून घ्यायचे. मी बाहेर बटाटे सोलत असायची. दारातून झिरपलेल्या गाण्यातले शब्द मला कळले आणि पाय आपोआप हलला, तर गाणं पास. शब्द कळला नाही तर मी दारावर लाटणं आपटायची आणि हे परत कामाला बसायचे. ह्यांचं म्हणणं असं, की लोक काही चांगल्या खोलीत डोळे मिटून गाणी ऐकत नाहीत. शेजारच्या खोलीत, ओल्या हाताने, डोक्यात दुसरं काही चालू असताना ऐकतात. तिथे जे टिकलं ते खरं. रेकॉर्डिंगला येणारी मुलंमुली गमतीने त्याला काकूंचा शिक्का म्हणायची. मी बालवाडीत शिकवत होते. आयुष्यभर पोरांच्या किंकाळ्या ऐकलेली बाई गाणी पास करते, याची मला थोडी ऐट होती, खोटं का सांगू.

एक नियम मात्र कडक. काम चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही. चहासुद्धा दारावर टकटक करून, गाणं थांबल्यावर.

गेली काही वर्षं काम कमी झालं होतं. आलेली माणसं एकदा यायची, छान छान म्हणायची आणि परत फिरकायची नाहीत. हे म्हणायचे, जमाना बदलला, आता पोरं घरीच कॉम्प्युटरवर सगळं करतात. मीही तेच म्हणायची. जमाना बिचारा काही उलटून बोलत नाही, त्याच्या नावावर काहीही खपतं.

अशात तो बँड आला. तिघंच जण. गायिका, तीच बेस गिटारही वाजवायची. ड्रमवाला, अंगाने आडवा आणि स्वभावाने लोणी. आणि गिटारवाला, काडीपैलवान, पण तोंड असं की भीक नको पण कुत्रं आवर. त्यांचे दोन अल्बम निघालेले होते, दोन्ही नुसता गोंधळ. तरुण पोरांना आवडले, पण गायिका काय म्हणते हे कोणालाच कळलं नव्हतं, आणि आता ते लोकांना कळावं असं तिला वाटत होतं. ह्यांनी फार पूर्वी केलेली एक रेकॉर्ड तिच्या हाती लागली होती. ती म्हणाली, "काका, यात प्रत्येक शब्द कळतो आणि तरी गाणं आदळतं. आमचा पुढचा अल्बम तुम्ही करा."

गिटारवाल्याला ते पटलेलं नव्हतं. त्याच्या मनात कोणी एक तरुण मुलगा होता, सगळं मशीनवर करणारा. तो आमच्यासमोरच म्हणाला, "हे रॉक आहे. काकांना झेपेल का?" ड्रमवाल्याने त्याला कोपर मारलं. शेवटी असं ठरलं की आधी एकच गाणं करून बघायचं. ते शनिवारी दुपारी सगळ्यांनी मिळून ऐकायचं आणि अल्बम कानसेनांकडे द्यायचा की नाही, तिथेच ठरवायचं.

ते गाणं रेकॉर्ड होत होतं त्या आठवड्यात मी ह्यांना कितीतरी वर्षांनी शीळ घालताना ऐकलं. तिघं स्वयंपाकघरातून आतबाहेर करायची, त्यामुळे मला सगळं कळत होतं. गायिकेला ह्यांनी खुर्चीवर बसवून गायला लावलं. ती म्हणाली, बसून रॉक कोण गातं? हे म्हणाले, "तू उभी राहिलीस की लोकांसाठी गातेस. मला तू स्वतःशी भांडतेस ते हवंय." ती बसली, गायली आणि बाहेर येऊन माझ्याकडे पाणी मागून दोन पेले घटाघटा प्यायली. ड्रमवाल्याला सांगितलं, निम्म्या जोराने मार, पण उशीर करू नको. आणि गिटारवाल्याला सांगितलं, दुसऱ्या कडव्यात अजिबात वाजवू नको.

"मग मी काय करू त्या वेळी?"

"ऐक."

तो पाय आपटत बाहेर आला आणि माझ्या ओट्यापाशी उभा राहून त्याने आख्खं गाजर कचाकचा चावून खाल्लं. मी म्हटलं, "राग गाजरावर काढ, बरं आहे. माझ्यावर तर हे रोज काढतात." तो हसला नाही. पण मग आतून ते दुसरं कडवं ऐकू आलं, गिटारशिवाय, तिचा एकटीचा आवाज आणि खाली ड्रमची नुसती धपधप, आणि तो चावायचा थांबला.

त्या दिवशी मला वाटलं, आता झालं. अल्बम आपलाच. हे परत जिवंत झालेत.

आता वॉशिंग मशीनबद्दल सांगायला हवं. आमचं मशीन कपडे धुऊन झाले की बारीक, चिरका, पिन टोचल्यासारखा आवाज करतं. नवीन आणलं तेव्हा ह्यांना तो सहन व्हायचा नाही. "बेसूर आहे गं ते!" म्हणत हे धावत जाऊन मशीन बंद करायचे. कपडे वाळत घालायचं काम त्यामुळे आपसूक ह्यांच्या गळ्यात पडलं आणि मी मुळीच तक्रार केली नाही. पण अलीकडे कपडे मशीनमध्येच तासन्‌तास पडून राहायचे, आंबूस वास यायचा. मी ह्यांना आळशी म्हटलं, नवाब म्हटलं, काय काय म्हटलं. मला वाटलं, वय झालं की नवरे असेच होतात.

गुरुवारी सुतार आला. पावसाने फुगून स्टुडिओचं दार खाली घासत होतं. तो म्हणाला, काढून नेतो, रंधा मारून उद्या बसवतो. नेलं. नेमकं त्याच दिवशी ह्यांचं गाण्यावरचं शेवटचं काम संपलं, सगळे आवाज एकमेकांत बसवायचं. हे खुशीत होते. म्हणाले, "आज दाराशिवायच ऐक. जरा लांब उभी राहा."

मी खिडकीपाशी उभी राहिले आणि गाणं सुरू झालं.

काय सांगू? ड्रमच्या पितळी थाळ्या काचेच्या कपाटासारख्या अंगावर कोसळल्या. गायिकेच्या प्रत्येक स आणि श ला धार होती, दाढेत कळ जावी तशी. गिटार म्हणजे पत्र्यावर खिळा. गाणं आत कुठेतरी चांगलं होतं, ते मला माहीत होतं, मी ते होताना बघितलं होतं, पण ते ऐकवत नव्हतं. मी कानावर हात ठेवले आणि ह्यांनी वळून बघायच्या आत पटकन काढले.

"कसंय?"

मला थापा मारता येत नाहीत. "टोचतंय," मी म्हटलं. "वरचे आवाज फार टोचताहेत."

"टोचतंय? मला तर अजून थोडं झाकोळलेलं वाटतंय. आणखी चढवणार होतो."

"अहो, आणखी? माणसं पळून जातील."

ह्यांचा चेहरा बदलला. "तुला सवय दाराआडून ऐकायची. आज दार नाही म्हणून तुला जास्त वाटतंय. आणि पोरांच्या आरडाओरड्याने तुझे कान गेलेत. तू दाराआडूनच ऐकत जा."

माझ्या डोक्यात एक गोष्ट सरकत होती आणि तिची मला भीती वाटत होती. दार. जाड दारातून खालचे आवाज येतात, शब्द येतात, वरचे टोचणारे आवाज तेवढे आतच राहतात. म्हणजे इतकी वर्षं मी शिक्का मारत होते तो कशावर? आत काय वाजतंय हे मला कधी कळलंच नव्हतं. ती एकदाच येणारी, छान छान म्हणून परत न फिरकणारी माणसं. ती काही जमान्याने नेली नव्हती.

जेवताना मशीन वाजलं. मागच्या अंगणाशी आहे ते, पण आवाज घरभर जातो. मी घास हातात धरून ह्यांच्याकडे बघत बसले. हे शांतपणे चावत होते.

"मशीन वाजलं," मी म्हटलं.

"कधी?"

"आता. अजून वाजतंय."

ह्यांनी मान वाकडी केली, त्यांची ती ऐकायची सवय, एक कान पुढे. तसेच थांबले. मशीन वाजून वाजून गप्प झालं. मग हे म्हणाले, "बिघडलं असेल, हळू वाजत असेल," आणि पुन्हा जेवायला लागले. पण त्यांनी मीठ दोनदा घेतलं. मी डॉक्टरांचं नाव काढलं. "शनिवार होऊ दे," म्हणाले. मी म्हटलं, निदान गाण्याचे वरचे आवाज थोडे उतरवा, माझ्यावर विश्वास ठेवून. ह्यांनी ताट सरकवलं. "जे मला ऐकू येत नाही ते मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून करू? मग प्रोड्युसर कोण? तू?"

शुक्रवारी दार परत बसलं.

शनिवारी तिघं आली. मी चहा ठेवला. नेहमीची रीत अशी, की बँडने आत ह्यांच्या शेजारी बसून ऐकायचं आणि दाराआडून ऐकणारी मी एकटी. तिघं आत जायला निघाली तर हे दारातच उभे राहिले.

"आत नको," हे म्हणाले. "तुम्ही इथेच बसा, स्वयंपाकघरात. आमच्या घरची पद्धत आहे, दार लावून ऐकायची. काकूंना विचारा."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत गेले आणि दार लावून घेतलं.

म्हणजे वरचे आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, हे ह्यांना कळलं होतं. गुरुवारीच कळलं होतं, त्या मिठाच्या वेळीच. ज्या माणसाने आयुष्यात एक बेसूर नोट कोणाच्या गळी उतरवली नाही, तो आज माझ्या दाराआड लपत होता. मला इतका राग आला आणि इतकी कीव आली की दोन्हींत वेगळं काय ते कळेना.

गाणं सुरू झालं. दारातून ते सुंदर येत होतं, मी नाही म्हणणार नाही. दुसऱ्या कडव्याला गायिकेने डोळे मिटले. ड्रमवाला टेबलावर बोटं वाजवत होता. गिटारवाला भिंतीला टेकून उभा होता. गिटार नसलेली जागा संपली आणि त्याची गिटार परत आली तेव्हा तो स्वतःशीच हसला, पहिल्यांदाच. मग गायिकेकडे बघून म्हणाला, "बरं. मी हरलो. अल्बम इथेच करू."

झालं होतं. मी फक्त चहा गाळायचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी मनाशी म्हटलं. पण ही मूठ किती दिवस झाकली राहणार? उद्या हे गाणं ती गाडीत लावतील, मित्रांना ऐकवतील. मग तेच. छान छान, आणि परत फिरकणार नाहीत, आणि या वेळी लोक हसतील. कानसेन म्हणतील आणि हसतील. आणि हे या खोलीत बसून आणखी चढवत राहतील, एकटेच. ते मला सहन होणार नव्हतं. त्यापेक्षा आज, माझ्यासमोर झालेलं बरं.

मी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि दार उघडलं.

गाण्याचा शेवट चालू होता, सगळ्यात जोराचा भाग. तो सगळा अंगावर आला. गायिकेने दचकून खांदे वर घेतले. ड्रमवाल्याची बोटं थांबली. गिटारवाल्याने सरळ कान झाकले. आणि आत, आमच्याकडे पाठ करून, हे बसले होते. मान डोलत होती, एक हात मांडीवर ताल धरत होता. दार उघडल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

आम्ही चौघं ती पाठ बघत उभे राहिलो. गाणं संपलं, हे हसत खुर्ची फिरवून वळले, आणि उघडं दार दिसलं.

"कोणी उघडलं?"

"मी," मी म्हटलं.

ह्यांनी तिघांचे चेहरे एकेक करून बघितले. गिटारवाल्याचे हात अजून कानांपाशीच होते, ते त्याने घाईने खाली घेतले. गायिका म्हणाली, "काका, फक्त थोडं…" आणि ड्रमवाल्याकडे बघायला लागली. मला वाटलं हे ओरडतील. मला वाटलं, आता हे माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाहीत. मी ओट्याची कड घट्ट धरली होती.

हे परत खुर्ची फिरवून बसले. गाणं मागे नेलं, सुरू केलं आणि एका बटणावर बोट ठेवलं. वळून न बघता म्हणाले, "सांग मला. बास होईल तिथे बास म्हण."

मी आत गेले. काम चालू असताना पहिल्यांदाच. ह्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. हे बटण हळूहळू फिरवत होते. थाळ्या मागे सरकल्या. स आणि श ची धार बोथट झाली. "अजून," मी म्हटलं. "अजून थोडं." मग गाणं एकदम मोकळं झालं, कोणीतरी घट्ट बांधलेली चिंधी सोडावी तसं. "बास."

हे बटणाकडे बघत राहिले. "इतकं?" मग त्या तिघांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले, "मला काहीच बदललेलं कळलं नाही."

तिघं मागच्या अंगणात जाऊन बोलली. खिडकीतून दिसत होती. ड्रमवाला रडत होता, इतकं मोठं अंग घेऊन. गायिका हातवारे करत होती. आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो, मध्ये गार झालेला चहा. मी म्हटलं, "माझ्यावर रागवा हवं तर." हे म्हणाले, "रागावलोच आहे." मग गार कप बाजूला सारून म्हणाले, "दार बंद ठेवलं असतंस तर मी कधीच उघडलं नसतं."

तिघं परत आली ती गिटारवाल्याला पुढे घालून. त्याने खाली बघत सुरुवात केली. "काका, आवाज बसवायचं शेवटचं काम तो दुसरा मुलगा करेल. मी त्याला बोलवतो. तसा माणूस मिळतो. पण मला दुसऱ्या कडव्यात गप्प बसवणारा मिळणार नाही. बाकीचं सगळं इथे करायचंय आम्हाला. तुम्हाला चालेल का?"

ज्या कामावर नाव मिळवलं तेच काम काढून घेतलेला प्रोड्युसर म्हणजे काय, हे ह्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी मध्ये बोलणार होते, पण जीभ आवरली. आजच्यापुरतं मी पुष्कळ केलं होतं.

तेवढ्यात मागे मशीन वाजायला लागलं. गायिकेने मान वळवली. ड्रमवाल्याने वळवली. गिटारवाल्याने वळवली, आणि सवयीने मीही. ह्यांनी आम्हा चौघांच्या माना बघितल्या, एक कान पुढे करून क्षणभर थांबले आणि मला विचारलं, "झालं का मशीन?"

"झालं."

हे उठले. टोपली उचलून अंगणात गेले, मशीनचं झाकण उघडलं आणि ओल्या चादरी काढायला लागले. तिघं माझ्याकडे बघत होती, की आता काय समजायचं? मलाही ठाऊक नव्हतं. मग अंगणातून हाक आली, गिटारवाल्याच्या नावाने नाही, नुसतीच, "ए काडीपैलवान! इकडे ये. चादरीचं एक टोक धर. आणि दुसरं गाणं कुठलं घ्यायचं ते सांग."

तो धावत गेला. दोघांनी चादर ताणली, पिळली, झटकली. त्याने चादरीपलीकडून काहीतरी सांगितलं. ह्यांनी मान वाकडी केली, पुढे झुकले.

"मोठ्याने बोल रे," हे म्हणाले. "मला नीट ऐकू येत नाही."